शंभराच्या नोटेत पापडीची इफ्तारी

संध्याकाळचे सहा वाजले की वसईतल्या पापडीच्या रस्त्यावर रिक्षांचा वेग मंदावतो. स्टेशनकडून आलेल्या शेअर रिक्षातून उतरणारा माणूस भाडे देतो आणि घराकडे वळण्याआधी हातगाड्यांवर एक नजर फिरवतो. कढईत भजी फुलत असतात, परातीत कलिंगडाच्या फोडी रचलेल्या असतात, बर्फाच्या लादीवर गुलाबी सरबताचे पातेले ठेवलेले असते. पावणेसात होत आले की गाडीवाल्याचे हात भराभर चालू लागतात. मग मगरीबची अजान होते आणि पाच मिनिटे सगळे थांबते. गाडीवालाही खजूर तोंडात टाकतो, दोन घोट पाणी पितो आणि पुन्हा झारा हातात घेतो.

रमजानचे खाणे म्हटले की बहुतेकांना मुंबईचा मोहम्मद अली रोड आठवतो. मिनारा मशिदीजवळची ती झगमगाटाची गल्ली, मालपुवे, कबाब, नल्ली निहारी. वसईहूनही अनेक जण रमजानात एकदा तरी तिकडे जाऊन येतात. पण त्यासाठी तासाभराहून अधिक लोकलचा प्रवास हवा, शेवटची गाडी गाठण्याची चिंता हवी आणि चौघांचे कुटुंब असेल तर खिशात बऱ्यापैकी पैसेही हवेत. पापडीत यातले काही लागत नाही. इथे शंभराची एक नोट मोडली तर दोघांची इफ्तारी होते. झगमगाट नाही, बसायला खुर्ची मिळेलच असेही नाही. पण चव आहे आणि दर परवडणारा आहे.

तीन तऱ्हेचे उपवास, एकच रस्ता

पापडी हे मिसळलेले गाव आहे. तलाव, मशीद, मंदिरे, बाजार आणि वसई धर्मप्रांताचे अवर लेडी ऑफ ग्रेस कॅथेड्रल, हे सगळे एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर. २०२५ मध्ये २ मार्चला पहिला रोजा झाला आणि त्यानंतर तीनच दिवसांनी, ५ मार्चला, ख्रिस्ती बांधवांचा राखेचा बुधवार आला. म्हणजे त्या वर्षी मुसलमानांचे रोजे आणि ख्रिस्ती घरांतला ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ हातात हात घालून चालले. त्यात हिंदू घरांतल्या एकादशी, संकष्टी होत्याच. १४ मार्चला तर धुळवड आणि जुमा एकाच दिवशी आले.

याचा परिणाम हातगाडीवर दिसतो. उपवासकाळातल्या शुक्रवारी ख्रिस्ती कुटुंबांत मांस वर्ज्य असते, आणि पापडीचा आठवडी बाजारही शुक्रवारचाच. त्या संध्याकाळी बाजाराची पिशवी हातात घेऊन आलेल्या बाईला खिम्याचा समोसा नको असतो, बटाट्याचा हवा असतो. शेजारी उभ्या असलेल्या माणसाची चतुर्थी असेल तर तो फक्त फळे आणि खजूर घेतो. म्हणून इथे काही विकत घेताना ‘यात काय आहे?’ असे मोकळेपणाने विचारावे. विचारणाऱ्याला त्यात संकोच नसावा आणि सांगणाऱ्याला राग नसावा. गाडीवर शाकाहारी पदार्थांची कढई वेगळी आहे का, हेही विचारता येते. रोजेदाराला आपल्या ताटातल्या पदार्थाची जेवढी काळजी असते तेवढीच शेजाऱ्यालाही असते, हे इथल्या विक्रेत्याला समजावून सांगावे लागत नाही.

काय घ्यावे?

सुरुवात खजुराने. रोजा खजुराने सोडण्याची पद्धत आहे आणि तो एक, तीन, पाच असा विषम संख्येत खाल्ला जातो. दिवसभर रिकाम्या राहिलेल्या पोटाला त्यातली साखर लवकर मिळते. बाजारात महाग ती मदिनेची अजवा, पण रोजच्या इफ्तारीला तिची गरज नाही. इराणची काळी, मऊ किमिया डब्यात मिळते. त्याहून स्वस्त हवी तर इराकची पिवळसर, थोडी कोरडी झाहिदी. पाव किलो घेतली तर घराला दोन-तीन दिवस पुरते. वसईकरांना खजूर नवा नाही. शेजारचे सोपारा हे प्राचीन बंदर, आणि जुन्या अरब प्रवाशांच्या लेखनात त्याचा उल्लेख ‘सुबारा’ म्हणून येतो. अरबी समुद्रापलीकडच्या मुलखाशी या किनाऱ्याची ओळख खूप जुनी आहे.

खजुराबरोबर वसईचीच एक गोड वस्तू ठेवून पाहावी, ती म्हणजे सुकेळी. पिकलेली राजेळी केळी सोलून कडक उन्हात बरेच दिवस वाळवतात, मधासारखा रंग आला की वाळलेल्या केळीच्या पानात बांधतात. वरून साखर नाही, रंग नाही. कष्ट फार आणि करणारी घरे कमी होत चालल्यामुळे ती सहज दिसत नाही. मिळाली तर सोडू नये. खजुराशेजारी सुकेळीचा तुकडा ठेवला की इफ्तारीच्या ताटात वसईची वाडी आली असे समजावे.

मग भजी, समोसे आणि उकडलेले चणे. चण्यांना कांदा, मिरची, थोडी चिंच लावलेली असते आणि पोट भरण्यासाठी यापेक्षा स्वस्त काही नाही. समोसा घ्यायचा तर छोटा, पातळ पट्टीचा घ्यावा. आवरण कुरकुरीत असते आणि दोन खाल्ले तरी जड वाटत नाही. खिम्याचा चाहता असेल त्याने पावात खिमा घालून घ्यावा. पाव हा शब्द आणि पदार्थ पोर्तुगीजांकडून आला. १५३४ ते १७३९ अशी दोनशे वर्षे वसई त्यांच्या ताब्यात होती. त्यांचा पाव, मोहल्ल्यातला खिमा आणि त्यावर पिळलेले लिंबू, असा हा वसईचा घास आहे.

सरबतात दोन तट आहेत. एक जुन्या रूह अफजाचा, दुधात किंवा पाण्यात, वर भिजवलेला सब्जा. दुसरा दिल्लीच्या जामा मशिदीच्या गल्लीतून आलेल्या ‘मोहब्बत का शरबत’चा, म्हणजे थंड दूध, गुलाबाचा पाक आणि कलिंगडाचे बारीक तुकडे. मार्चच्या उकाड्यात दुसरे अधिक खपते. मात्र बर्फ कुठला आहे, हे पाहिल्याशिवाय कोणतेच घेऊ नये.

गोडाचा मान फिरनीला

गोडात पहिला मान फिरनीचा. तांदूळ भिजवून रवाळ वाटायचे, आटत्या दुधात सोडायचे, मंद आचेवर ढवळत राहायचे, शेवटी साखर आणि वेलची. खिरीत तांदळाचा दाणा दिसतो, फिरनीत तो दिसत नाही, पण जिभेला कळतो. खरी फिरनी मातीच्या वाटीतच घ्यावी. माती जास्तीचे पाणी शोषून घेते, त्यामुळे फिरनी घट्ट बसते आणि तिला मातीचा हलका वासही लागतो. प्लॅस्टिकच्या डबीत घालून फ्रीजमध्ये ठेवली तर ती गार होते, पण तशी बसत नाही. चांगली फिरनी ओळखायची सोपी खूण अशी की वाटी तिरकी केली तरी ती ओघळत नाही.

मालपुवा घेताना शाकाहारी वाचकांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. रमजानी मालपुव्यात बहुधा अंडे असते. होळीला किंवा सणाला घरी होणारा मालपुवा वेगळा आणि हा वेगळा. अंडे चालत नसेल तर शेजारच्या ताटातले चायना ग्रासचे पांढरे, थरथरणारे तुकडे घ्यावेत. नावावरून काहीतरी परदेशी वाटते, पण ते समुद्री शेवाळापासून होते. दूध, साखर घालून थंड केले की झाले. लहान मुलांना ते फार आवडते आणि ते स्वस्तही असते.

रात्री तरावीहची नमाज झाल्यावर दुसरी गर्दी उसळते, ती सहेरीच्या खरेदीची. त्या वेळी दुकानांत खजला आणि फेणी रचलेली दिसते. खजला म्हणजे पापुद्र्यांचा फुगलेला, आतून पोकळ तळलेला गोळा. फेणी म्हणजे बारीक तारांची चकती. पहाटे गरम दुधात बुडवून खाल्ली की चूल पेटवायची गरज नाही. रोजेदारांसाठी ती सोय आहे, पण ज्यांचा रोजा नाही त्यांनीही रविवारच्या नाश्त्याला एकदा खाऊन पाहावी.

दर टिकतो कसा?

या सगळ्यात काळजीची गोष्ट एकच आहे. हा दर किती दिवस टिकणार? सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचे मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्क्यांवर नेले. आपल्या देशात खाद्यतेलाचा मोठा भाग बाहेरून येतो, त्यामुळे त्याची झळ थेट कढईपर्यंत पोहोचली. महिनाभरासाठी गाडी लावणाऱ्या माणसाकडे घाऊक खरेदीचे भांडवल नसते. तो रोजचे तेल रोज आणतो, रोजच्या भावाने आणतो.

मग त्याच्यापुढे तीन वाटा उरतात. दर वाढवायचा, समोसा लहान करायचा, की तेच तेल पुन्हा पुन्हा वापरायचे. पहिली वाट गिऱ्हाईक तोडते. इथला गिऱ्हाईक म्हणजे गाळ्यातून, गोदामातून, बांधकामावरून परतणारा माणूस. बारा-तेरा तासांचा रोजा अंगावर घेऊन तो रिक्षातून उतरतो. घर अजून दहा मिनिटांवर असते आणि अजान पाच मिनिटांवर. त्याच्यासाठी ही गाडी हौसेची नाही, गरजेची आहे. तिसरी वाट तब्येत बिघडवते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार वारंवार तापवलेल्या तेलातले ध्रुवीय घटक २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरता येत नाही. गिऱ्हाइकाकडे मोजायचे यंत्र नसते, डोळे असतात. तेल काळपट झाले असेल, कढईत फेस राहत असेल, वास उग्र येत असेल, तर पुढच्या गाडीकडे जावे. आणि दुसरी वाट, म्हणजे समोसा थोडा लहान पण तेल ताजे, ज्याने धरली असेल त्याच्याशी घासाघीस करू नये.

पोटापुरता धंदा करणाऱ्याने अन्नसुरक्षा नोंदणीही करून घ्यावी. २०२५ मध्ये वार्षिक उलाढाल १२ लाखांच्या आत असेल तर तिचे शुल्क वर्षाला १०० रुपये होते, म्हणजे दोघांच्या इफ्तारीएवढेच. कागद हातात असला की गाडीवाल्याला धीर राहतो आणि खाणाऱ्याला भरवसा.

ईद, पाडवा आणि ईस्टर

रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतो, त्यामुळे गाडीवरचे फळही बदलत जाते. २०१८ मध्ये रोजे मे-जूनमध्ये होते आणि इफ्तारीला आंबा होता. २०२५ मध्ये कलिंगडाची पाळी होती. पुढे तो थंडीत जाईल, तेव्हा पेरू आणि बोरे येतील. २०३० मध्ये तर जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरअखेरीस असा दोनदा रमजान लागेल. डिसेंबरचा तो रमजान नाताळाच्या सुमारास येईल. त्या आठवड्यात पापडीच्या रस्त्यावर एका बाजूला केक आणि दुसऱ्या बाजूला फिरनी असेल.

तोवर २०२५ चे उदाहरण पाहू. त्या वर्षी ३० मार्चला गुढीपाडवा होता आणि दुसऱ्याच दिवशी ईद. एका घरात श्रीखंड-पुरी, दुसऱ्या दिवशी शेजारी शीर खुर्मा. शीर म्हणजे दूध, खुर्मा म्हणजे खजूर, दोन्ही शब्द फारसी, आणि त्यात तुपावर परतलेल्या बारीक शेवया. ईदच्या आधीच्या दिवसांत नानखटाईचे पीठ मळून ट्रे बेकरीच्या भट्टीवर पाठवण्याची कोकणी मुसलमान घरांतली जुनी रीत आहे. २० एप्रिलला ईस्टर होता. म्हणजे त्या तीन आठवड्यांत वसईच्या डब्यांची देवघेव चांगलीच वाढणारी होती.

ईदचा शीर खुर्मा खायला बोलावणे लागते. हातगाडीवरच्या इफ्तारीला ते लागत नाही.  रमजानातल्या एखाद्या संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास पापडीला उतरावे, शंभराची नोट सुटी करून घ्यावी, दोन समोसे, चणे, खजूर आणि दोन फिरन्या घ्याव्यात. अजान होईपर्यंत थांबलात तर उत्तम. रोजा असो वा नसो, शेजारी उभा असलेला माणूस आपल्या पुड्यातला खजूर तुमच्यापुढे करील. तो घ्यावा, नाही म्हणू नये.