पटकथेतून निघालेली मिरवणूक

‘स्पेक्टर’ हा बाँडपट २०१५ साली आला. सुरुवातच मेक्सिको सिटीतल्या मिरवणुकीने होते. भलेमोठे सांगाडे डोलताहेत, ढोल घुमताहेत आणि कवटीचा मुखवटा घातलेला डॅनियल क्रेग गर्दीतून वाट काढतो आहे. मेक्सिकोत ‘मृतांचा दिवस’ असाच साजरा होतो, हे जगभरच्या प्रेक्षकांच्या डोक्यात पक्कं बसलं. गंमत अशी, की मेक्सिको सिटीत तोवर अशी मिरवणूक निघतच नव्हती. आता पर्यटक ती शोधत येणार! म्हणून २९ ऑक्टोबर २०१६ला सरकारने ती खरोखरच काढली.

मूळ सण घरातला आणि कबरस्तानातला. १ नोव्हेंबरला गेलेली लेकरं घरी येतात, २ तारखेला मोठी माणसं. त्यांच्यासाठी तस्बिरी, मेणबत्त्या मांडतात. लांबून तहानेले येणार म्हणून पाण्याचा पेला, वर हाडांसारखी नक्षी असलेला गोड पाव आणि ज्याला जे आवडायचं ते, अगदी दारूचा घोटसुद्धा. पितृपक्षात पानावर आजोबांच्या आवडीची भाजी आठवणीने वाढणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. वाट चुकू नये म्हणून झेंडूच्या पाकळ्या अंथरतात. आपल्या दसऱ्याचा झेंडूही मूळचा तिकडचाच.

पडद्यावरच्या मेक्सिकोचा दुसरा रंगही पिवळाच, पण तो रापलेला. ‘ट्रॅफिक’मध्ये (२०००) ओहायो निळसर दिसतं आणि मेक्सिको तंबाखूच्या रंगाचं. ‘ब्रेकिंग बॅड’मध्येही सीमा ओलांडली की धूळ, ऊन, बंदूक. प्रत्यक्षात मेक्सिको सिटी सुमारे २,२४० मीटर उंचीवर, म्हणजे महाबळेश्वरच्याही बरीच वर. पावसाळ्यात तिथे दुपारी धो धो कोसळतो.

मला त्या पिवळ्या रंगापेक्षा मिरवणूक जास्त बोचायची. रंग खोटा आहे हे तिथल्या माणसाला खिडकी उघडली की कळतं. मिरवणूक मात्र त्याने आपणहून अंगावर घेतली. पण १९ सप्टेंबर २०१७च्या भूकंपात साडेतीनशेहून अधिक माणसं गेली आणि पुढच्याच महिन्यातल्या मिरवणुकीने त्यांना आणि बचावपथकांना मानवंदना दिली. ढिगाऱ्याखालून कुणाची हाक येते का, हे ऐकायचं असलं की पथकातला माणूस मूठ उंचावायचा आणि अख्खा रस्ता गप्प व्हायचा. ती मूठ त्या वर्षी मिरवणुकीत होती.