बुरशीचा मका, जनावरांचे यकृत आणि आतड्यातील उपकारक जीवाणू

जालना जिल्ह्यात, विशेषतः भोकरदन व जाफराबाद तालुक्यांत, खरीप मका मोठ्या प्रमाणावर घेतला जातो. मक्याची काढणी आणि परतीचा पाऊस बऱ्याचदा एकाच वेळी येतात. कणसे भिजतात, ढिगात वाफ धरतात आणि दाण्यांवर हिरवट-पिवळी बुरशी येते. अशा मक्याला बाजारात भाव मिळत नाही. मग तो परसातील कोंबड्यांना टाकला जातो किंवा भरडून दुभत्या जनावरांच्या आंबोणात मिसळला जातो. माल वाया जाऊ नये हा हेतू योग्य असला, तरी हा व्यवहार फार महागात पडतो.

ॲस्परजिलस फ्लेव्हस नावाची ही बुरशी अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते. हे विष डोळ्यांना दिसत नाही आणि दूध उकळून किंवा भाकरी भाजून ते नाहीसे होत नाही. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखावर टर्की पक्षी मेले, तेव्हा बुरशी लागलेल्या भुईमूग पेंडीतून त्याचा शोध लागला. आपल्याकडे १९७४ साली राजस्थान व गुजरातच्या सीमेवरील बांसवाडा आणि पंचमहाल या आदिवासी भागांत काढणीच्या वेळी अवेळी पाऊस झाला. भिजलेला मका हेच तेथील मुख्य अन्न होते. कावीळ होऊन व पोटात पाणी साचून शंभरावर माणसे दगावली. तोच मका खाणारी कुत्रीही मेली.

घाव यकृतावरच का?

आतड्यात शोषलेले बहुतेक अन्नरस एका मोठ्या शिरेने सरळ यकृतात जातात. विषाचा पहिला लोंढाही तेथेच पोहोचतो. त्यातून यकृत हे विष मोडू लागले, की त्याचेच अधिक घातक रूप तयार होऊन ते पेशींना चिकटते. कोंबडीचे यकृत पिवळट, मोठे व ठिसूळ होते. अंडी घटतात, वाढ खुंटते आणि प्रतिकारशक्ती कमी झाल्याने लसही नीट लागू पडत नाही. बदके आणि लहान पिल्ले यांना त्रास सर्वांत जास्त होतो.

विष आतड्यातच अडविता आले तर यकृत वाचेल, या विचारातून उपकारक जीवाणूंचा (प्रोबायोटिक) अभ्यास सुरू झाला. दह्या-ताकात असणाऱ्या लॅक्टोबॅसिलस गटातील काही जीवाणूंच्या पेशीभित्तिकेला अफ्लाटॉक्सिन चिकटते व विष्ठेवाटे बाहेर पडते. फिनलंडच्या शास्त्रज्ञांनी हे प्रथम प्रयोगशाळेत दाखविले. पुढे चीनमधील ग्वांगझू येथे ९० तरुणांवर चाचणी झाली व तिचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. पाच आठवडे असे जीवाणू घेतलेल्यांच्या लघवीत, विषाने शरीरात केलेल्या इजेची खूण कमी आढळली. मेलेले जीवाणूही विष धरतात, म्हणजे येथे त्यांचे काम बरेचसे गाळणीसारखे आहे.

मात्र गाळणीलाही मर्यादा असते. चिकटलेल्या विषाचा काही भाग पुन्हा सुटतो. प्रत्येक जातीच्या जीवाणूची पकड सारखी नसते. घरच्या ताकात कोणते जीवाणू किती आहेत, हे रोज बदलते. ताक कोंबड्यांना जरूर द्यावे, पण बुरशीच्या मक्यावरचा उतारा म्हणून त्यावर विसंबू नये. बाजारातील भुकटी घेताना पाकिटावर जीवाणूचे नाव, संख्या व मुदत पाहावी. ब्लीचिंग पावडर टाकलेल्या पाण्यात ती मिसळू नये. प्रतिजैविक औषध चालू असताना दिल्यास पैसे बहुतेक वाया जातात.

दुभती जनावरे

गाई-म्हशींच्या कोठीपोटातील जीवाणू विषाचा थोडाच भाग निकामी करतात. उरलेल्यापैकी शेकडा १ ते २ भाग, जास्त दूध देणाऱ्या गाईत ६ पर्यंत, रूप बदलून दुधात उतरतो. ते दूध घरातील मुलेच पितात, हे विसरू नये. एक किलो दुधात अर्धा मायक्रोग्रॅम एवढीच कायद्याने मर्यादा आहे. खराब खुराक बंद केल्यास तीन-चार दिवसांत दूध बरेचसे शुद्ध होते. आपल्या कापूस पट्ट्यात सरकी ढेप नेहमीची आहे. ओलसर, कुबट वासाची किंवा गाठी झालेली ढेप स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

खरे काम खळ्यावर करावयाचे आहे. कणसे जमिनीवर न टाकता ताडपत्रीवर पातळ पसरावीत, बुरशीची व किडलेली कणसे मळणीपूर्वीच वेगळी काढावीत. दाण्यातील ओलावा १२ ते १३ टक्क्यांवर आणूनच पोती भरावीत व ती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दूर ठेवावीत. ओलावामापक नसल्यास कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर कोरडे मीठ व त्यापेक्षा जास्त दाणे घालून चांगले हलवावे. पंधरा मिनिटांनी मीठ काचेला चिकटून राहिले, तर ओलावा १५ टक्क्यांहून जास्त समजावा आणि मका पुन्हा उन्हात घालावा.

कोंबड्या एकाएकी मरू लागल्या किंवा अंडी घटली, तर पहिल्यांदा खाद्य बदलावे. पशुवैद्यकीय दवाखान्यात मेलेल्या पक्ष्यासोबत त्या खाद्याचा किलोभर नमुनाही न्यावा, आणि तो पोत्याच्या वरच्या थरातून न घेता वर, मध्ये व तळाशी अशा निरनिराळ्या जागांहून घेऊन मिसळलेला असावा. बुरशी बहुधा पोत्याच्या एखाद्याच कोपऱ्यात असते.