पंगतीत कोण राहिलं?

लग्नघरात वाढप्याची किंमत भात संपत आला की कळते! शेवटच्या रांगेपर्यंत वाढणं पोहोचलं का, हे बघणारा एक माणूस लागतोच. चर्चमधले ‘डीकन’ हे मुळात असेच वाढपी. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच सेवक.

त्यांची जन्मकथा आपल्या दुभाषी घरांना ओळखीची वाटेल. नव्या करारात, प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात ती आहे. यरुशलेमच्या पहिल्या मंडळीत रोज अन्नवाटप होई. त्यात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होतं, अशी कुरकूर सुरू झाली. भांडण भाषेचं, निमित्त भाकरीचं! मग सात जण निवडून वाटप त्यांच्याकडे सोपवलं गेलं. गंमत म्हणजे सातही नावं ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्याच हाती पळी दिली गेली. (तिथे ‘डीकन’ हे पद म्हणून आलेलं नाही, पण परंपरा या सातांनाच पहिले डीकन मानते.) पुढे तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात अटी आल्या: डीकन दुतोंडी नसावा, दारूच्या आहारी गेलेला नसावा, पैशाचा लोभी नसावा. ज्याच्या हाती कोठीची किल्ली, त्याच्याबद्दल आणखी काय विचारणार?

आपल्यासारखाच एक सीमाभाग उत्तरेला आहे. पांढुर्णा आणि सौसर. कापूस, ज्वारी, संत्र्यांचा हा मराठी बोलणारा मुलूख. राज्य मात्र मध्य प्रदेश. २०२३ साली छिंदवाड्यातून वेगळा काढून त्याचा पांढुर्णा जिल्हा झाला. १८९६-९७ मध्ये हा भाग मध्य प्रांतात होता आणि त्या प्रांतात तेव्हा भीषण दुष्काळ पडला होता. मदतछावण्या आणि अन्नछत्रं माणसांनी भरली होती. त्या प्रांतात निराधार मुली आणि विधवा शोधत एक बाई फिरल्या. पंडिता रमाबाई.

त्या डीकन नव्हत्या. पण भूक त्यांनी पुस्तकात वाचलेली नव्हती. १८५८ साली कर्नाटकात जन्मलेल्या या मराठी मुलीने १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि बहीण अन्नावाचून गमावली. मध्य प्रांतातून आणलेल्या मुलींना प्लेगच्या निर्बंधांमुळे पुण्यात ठेवता येईना, तेव्हा केडगावच्या शेतावर सोय केली. तेच ‘मुक्ती’. पुढच्या दुष्काळानंतर, १९०० च्या सुमारास, तिथे दीड हजारांवर माणसं होती. एवढ्या पंगतीला नुसत्या देणग्या पुरत नाहीत. विहिरी, शेती, गुरं सगळं उभं करावं लागलं. पुढे त्यांचं शिक्षणाचं काम गुलबर्ग्यालाही पोहोचलं.

अन्नामागे धर्मांतर आहे, ही टीका त्यांच्यावर तेव्हाही झाली, आजही होते. ती झटकून टाकता येत नाही. उपाशी माणसाचा होकार कितीसा मोकळा असणार? माझ्या मते धान्य देणाऱ्याने पाळायचं पहिलं पथ्य हेच, की घेणाऱ्याचा धर्म आणि भाषा विचारू नये. दुसरं, की बदल्यात काहीही मागू नये. देणारं चर्च असो, मठ असो की मंडळ.

आज रेशन आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने अग्रक्रम कुटुंबात माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं आणि २०२३ पासून ते फुकट आहे. तरी पंगतीत कुणीतरी राहतंच. आयुष्यभराच्या कष्टाने अंगठ्याच्या रेषा पुसलेली म्हातारी, कार्ड दुसऱ्या गावचं असलेलं बिऱ्हाड. अशी नावं यादीत सापडत नाहीत, शेजाऱ्याला ठाऊक असतात. १८३३ साली पॅरिसमध्ये सुरू झालेल्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे कॅथलिक सदस्य म्हणूनच जोडीने घरी जातात. चारचौघांत नाव पुकारलं जात नाही, की हातात पिशवी देऊन फोटो काढला जात नाही.

आणि धान्य आणायचं कुठून? मिझोराममध्ये १९१० पासून प्रेस्बिटेरियन घरांतली बाई तांदूळ शिजवायला घेताना एक मूठ वेगळी काढून ठेवते. ते तांदूळ चर्च गोळा करतं आणि विकून आपलं काम चालवतं. आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांच्या काळात वसतिगृहातल्या मुलांसाठी अशीच घरोघरची मूठ गोळा होई. मुष्टिफंड म्हणत त्याला. कन्नडमध्ये ‘हिडी अक्की’ म्हटलं तरी डब्यात पडते ती तेवढीच.