पासवर्ड बरोबर, तरी आत प्रवेश नाही

डोंबिवली पूर्वेला फडके रोडच्या मागच्या गल्लीत एका छोट्या दुकानावर पाटी दिसली: 'डेटा न उडवता लिनक्स दुरुस्ती'. लॅपटॉप अडला की 'फॉरमॅट मारावा लागेल' हेच ऐकत आल्यामुळे ती पाटी डोक्यातून जाईना. एका दुपारी दुकानदाराला विचारून तिथे जाऊन बसले.

दुकानात राळेचा आणि तापलेल्या सोल्डरचा वास भरलेला. समोर एक निवृत्त शिक्षक. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ चढेना, म्हणून भाच्याने लिनक्स मिंट घालून दिलेलं. आता पासवर्ड टाकला की पडदा क्षणभर काळा होई आणि पुन्हा पासवर्डच मागे.

"काका, पासवर्ड चुकला असं म्हणतो का?" दुरुस्ती करणाऱ्या मुलाने विचारलं.

"नाही रे, काहीच म्हणत नाही."

"मग पासवर्ड बरोबर आहे. पुढे कुठेतरी अडतंय."

निम्मं निदान या एका प्रश्नात झालं. पासवर्ड चुकला तर यंत्र तसं सांगतं. तो बरोबर असूनही डेस्कटॉप उभा राहिला नाही, तर मुकाट्याने परत लॉगिनवर आणून सोडतं. घाईच्या दुकानात हा प्रश्न विचारलाच जात नाही.

मुलाने कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबलं. चित्रं गेली, काळ्यावर पांढरी अक्षरं आली. काकांनी तोच पासवर्ड टाकायला घेतला आणि थांबले. "उमटतच नाहीये." "इथे ठिपकेसुद्धा दिसत नाहीत काका, टाका बिनधास्त." ते आत गेले. म्हणजे खातं शाबूत, फायली शाबूत. मग 'डीएफ -एच' ही जागा दाखवणारी आज्ञा. मुख्य विभागापुढे आकडा होता १०० टक्के.

"आणि तरी लॅपटॉप चालू कसा होतो?" मी विचारलं. "पाच टक्के," तो म्हणाला. लिनक्सवर सर्रास असणारी एक्स्ट४ ही फाइल-व्यवस्था साधारण ५ टक्के जागा रूटसाठी, म्हणजे यंत्राच्या मुख्य चालकासाठी, राखून ठेवते. २५६ जीबीच्या डिस्कवर ती बारा जीबीच्या घरात जाते. त्या ५ टक्क्यांवर यंत्र उठतं, लॉगिनचा पडदाही येतो. काकांच्या फोल्डरमध्ये मात्र लॉगिनच्या वेळी लागणारी इवलीशी फाइल लिहायलाही जागा उरलेली नसते. तिथेच सगळं कोसळतं.

जागा खाल्ली होती टाइमशिफ्टने. यंत्र बिघडलं तर मागे नेता यावं म्हणून मिंटसोबत येणारी ही सोय त्याच डिस्कवर प्रती साठवत बसली होती. मुलाने यादी काढली, काकांना दाखवली, जुन्या प्रती एकेक करून काढल्या, सगळ्यांत ताजी ठेवली. लॅपटॉप पुन्हा सुरू केला. सोसायटीची इतिवृत्तं आणि नातीचे फोटो जिथल्या तिथे होते.

दर वेळी कारण हेच असतं असं नाही. कुणी 'सुडो' लावून, म्हणजे रूटच्या अधिकाराने, चित्रमय प्रोग्रॅम चालवतं आणि घरच्या फोल्डरमधल्या 'एक्सऑथॉरिटी' फाइलची मालकी रूटकडे जाते. ती परत वापरणाऱ्याच्या नावावर केली की काम होतं. कधी एनव्हिडियाचा ड्रायव्हर नव्या कर्नलशी जुळत नाही. तेव्हा 'जर्नलसीटीएल' उघडून नोंदी वाचाव्या लागतात, आणि हा मुलगा त्या ओळन् ओळ वाचतो. हे सगळं तो आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे लिनक्सवरचे मराठी धडे बघून शिकला. ते मोफत आहेत, कुणालाही बघता येतात.

मला या कामातलं कौशल्य आज्ञा पाठ असण्यात दिसत नाही. पुसून टाकण्याआधी बघणं, हे ते कौशल्य आहे. फॉरमॅटने यंत्र सुरू होईल, पण माणसाने साठवलेलं जातं आणि बिघाडाचं कारण कळतच नाही. तुमचा लॅपटॉप असा अडला आणि कुणी फॉरमॅट सुचवला, तर हो म्हणण्याआधी एवढंच विचारा: डिस्कवर जागा किती उरली आहे, ते बघितलंत का?