मनोराज्यांतील मतदान

परवां आमचा महाविद्यालयांत जाणारा नातू संगणकापुढें ध्यानस्थ बसलेला पाहून आम्हीं विचारलें, "अभ्यास का रे?"

"नाहीं आजोबा, मतदान!"

चौकशीअंतीं कळलें तें असें. मॅक्स बॅरी नामक ऑस्ट्रेलियन कादंबरीकारानें २००२ सालीं 'नेशनस्टेट्स' नांवाचा खेळ महाजालावर मांडला. खेळणारानें काल्पनिक राष्ट्र स्थापावयाचें; अशीं राष्ट्रें मिळून एक प्रदेश होतो. कित्येक प्रदेशांनीं स्वतःची घटना लिहून मंडळें निर्मिलीं आहेत. नातवाच्या प्रदेशांतील मंडळाची मुदत अवघी कांहीं महिन्यांची! उमेदवाराचा जाहीरनामाहि त्यानें आम्हांस ऐकविला; इंग्रजी बरें होतें.

"मुदत सरली आणि निवडणूकच झाली नाहीं, तर?" आम्हीं पुसलें. त्यास प्रश्नच उमगला नाहीं.

आम्हां परभणीकरांस तो सहज उमगेल. येथील महानगरपालिका २०११ सालची. एप्रिल २०१७ मध्यें निवडलेल्या ६५ सभासदांची मुदत २०२२ सालीं संपली. पुढील मतदान झालें तें १५ जानेवारी २०२६ रोजीं. मध्यंतरीं प्रशासकाचा अंमल. आरक्षणाचा वाद न्यायालयांत होता, हें खरें; पण तोंवर गल्लींतील गाऱ्हाणें घेऊन कोणाच्या ओसरीवर जावें? नगरसेवक भला असो वा बुरा, त्याचें घर तरी ठाऊक असतें.

त्या दिवशीं नातवास बरोबर घेऊन आम्ही मतदानास गेलों. त्याचें हें पहिलेंच खरें मतदान. बाहेर येतांच तो म्हणाला, "आजोबा, एका माणसानें इतकीं मतें द्यावयाचीं?" बहुसदस्यीय प्रभागाची रचना त्यास समजावून देतां देतां घर आलें.