व्यसनमुक्तीचा उपचार घराजवळ हवा

पालघरहून सातपाटीकडे जाताना शिरगाव लागते. समुद्रकिनारा, जुना किल्ला आणि काही अंतरावर बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत, असा हा परिसर. पालघर हे मुंबईपासून रेल्वेने सुमारे ९० किलोमीटर अंतरावर आहे. एखाद्या शस्त्रक्रियेसाठी एकदा मुंबईस जाणे जमते. परंतु ज्या आजारात महिनोन्‌महिने नियमित औषध घ्यावे लागते, त्यात हेच अंतर उपचाराच्या आड येते. अफू, गर्द आणि अफूसदृश वेदनाशामक औषधे यांचे व्यसन हा असाच आजार होय.

गर्द म्हणजे अशुद्ध हेरॉइन. १९८० नंतरच्या दशकात मुंबई-पुण्यात त्याचा फैलाव झाला. १९८५ साली अंमली पदार्थांविरुद्धचा केंद्रीय कायदा अमलात आला. २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने पुण्यात ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. पुढे गर्दाच्या जोडीला वेदनाशामक गोळ्यांचा गैरवापर आला. त्यांपैकी ट्रॅमाडॉल हे औषध २०१८ मध्ये याच कायद्याच्या कक्षेत आणण्यात आले. केंद्र शासनाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार १० ते ७५ वयोगटातील सुमारे २.१ टक्के लोक अफूजन्य पदार्थांचे सेवन करीत होते.

मृत्यू का ओढवतो?

ही द्रव्ये मेंदूतील श्वसन नियंत्रित करणाऱ्या केंद्रावर परिणाम करतात. मात्रा अधिक झाली की श्वास मंदावतो, ओठ व नखे निळसर पडतात, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात आणि माणूस हाकेला ओ देत नाही. मद्य किंवा झोपेच्या गोळ्या सोबत घेतल्यास धोका वाढतो. नॅलॉक्झोन हे औषध वेळीच मिळाल्यास श्वास पूर्ववत होऊ शकतो. म्हणून ‘झोपू द्या, उतरेल’ असे न म्हणता तात्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. श्वास चालू असल्यास रुग्णास कुशीवर वळवावे, थांबल्यास कृत्रिम श्वास द्यावा. तोंडात पाणी वा लिंबूरस घालू नये.

सर्वांत मोठा धोका व्यसन सुटल्यासारखे वाटते तेव्हाच असतो. काही आठवडे पदार्थ बंद राहिला की शरीराची सहनशक्ती घटते. केंद्रातून वा तुरुंगातून परतलेल्या व्यक्तीने पूर्वीचीच मात्रा घेतली, तर ती प्राणघातक ठरू शकते. तेव्हा केवळ शरीरातून विष काढून टाकणे म्हणजे उपचार नव्हे.

उपचाराचे सातत्य

ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन ही औषधे वैद्यकीय देखरेखीखाली दिल्यास तलफ आटोक्यात राहते, मृत्यूचा धोका घटतो आणि रुग्ण कामधंदा करू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये त्यांचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. ‘एका व्यसनाऐवजी दुसरे व्यसन’ हा त्यांवरील आक्षेप गैरसमजातून आलेला आहे. मधुमेही रुग्ण रोज औषध घेतो, तेव्हा कोणी त्याला दोष देत नाही.

मात्र औषधासाठी वारंवार दूर जावे लागले, तर रोजंदारीवरील कामगाराची मजुरी बुडते. हजेरी चुकते, औषध सुटते आणि धोका पुन्हा दाराशी येतो. म्हणूनच शिरगावसारख्या गावाला निवासी केंद्राइतकीच तालुक्याच्या ठिकाणी नियमित औषध, समुपदेशन आणि रुग्ण परतल्यावर पाठपुरावा यांची गरज आहे.

अटकेच्या भीतीने अनेक कुटुंबे व्यसन लपवितात. वास्तविक, स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यांत खटल्यापासून संरक्षण देण्याची तरतूद या कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये आहे. मार्गदर्शनासाठी १४४४६ ही राष्ट्रीय मदतवाहिनी उपलब्ध आहे. गावाने व्यसनी माणसाकडे गुन्हेगार म्हणून न पाहता रुग्ण म्हणून पाहिले आणि उपचार त्याच्या घराजवळ आले, तर अनेक घरांवरचे संकट टळू शकेल.