सरासरीत आपले घर कुठे?

कुंभार पिंपळगावच्या परिसरातून गोदावरी वाहते. पैठणच्या धरणाचा डावा कालवा घनसावंगी तालुक्यातून जातो आणि उसाचे फड उभे असतात. पाहुण्याला वाटावे, इथे गरिबी कसली? पण निती आयोगाच्या 2021 च्या अहवालात 2015-16 ची पाहणी धरून महाराष्ट्रातील बहुआयामी गरिबी 14.85 टक्के, तर जालना जिल्ह्यातील सुमारे 29 टक्के, म्हणजे जवळजवळ दुप्पट निघाली.

याची कारणे दोन. पहिले, भागाचे एकूण उत्पन्नच कमी. मराठवाडा 1948 पर्यंत निजामी राजवटीत होता. प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना 1950 च्या सुमारास उभा राहिला. जायकवाडी धरणाचे उद्घाटन व्हायला मात्र 1976 साल उजाडले. विभागांचा हा अनुशेष दांडेकर समितीने 1984 साली मोजून दाखवला.

दुसरे कारण वाटणीचे. समजा, दहा घरांचे गाव आहे आणि वर्षाचे उत्पन्न दहा लाख रुपये. सरासरी एक लाख. त्यातले सात लाख दोनच घरांत गेले, तर उरलेल्या आठ घरांच्या वाट्याला प्रत्येकी साडेसदतीस हजार येतात. पुढे कालवा आला, उत्पन्न पंधरा लाख झाले. त्यातले साडेअकरा लाख त्याच दोन घरांत गेले, तर आठ घरांना प्रत्येकी पावणेचव्वेचाळीस हजार. कागदावर गाव दीडपट सुधारले. चूल मात्र जवळपास तशीच राहिली.

कारण कालव्याचे पाणी सातबारा पाहून येते. भूमिहीनाच्या वाट्याला मजुरी येते, नाहीतर मुकादमाची उचल. उसाच्या तालुक्यातूनही जोडपी कोयता घेऊन परजिल्ह्यात जातात आणि मुलांची शाळा मध्येच तुटते.

म्हणूनच कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी 1959 आणि 1964-65 साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले. 28 नोव्हेंबर 1991 च्या शासन निर्णयाने गायरान कसणाऱ्यांना हक्काची वाट दिली. दादासाहेबांच्याच नावाने 2004 साली भूमिहीन कुटुंबांना चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देण्याची योजना निघाली.

तेव्हा बंधू-भगिनींनो, ग्रामसभेत गावाचे उत्पन्न किती वाढले एवढेच विचारू नका. ते कोणाच्या घरात गेले, हेही विचारा. आपल्या वस्तीत किती घरांना जमीन आहे, किती लेकरे हंगामात शाळेबाहेर राहतात, हे वहीत लिहून ठेवा. आपला हिशोब आपणच मांडला पाहिजे. सरासरीत तो दिसत नाही.